नाव आणि दर्शन

कलाकृती पाहावयाची ती आधी डोळ्यांनी की आधी नावाने, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु अलीकडे आपल्याकडे भरू लागलेल्या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यांविषयी जे काही म्हणावयाचे आहे, ते सारे या एका प्रश्नात येऊन जाते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका मेळ्यास जाण्याचा प्रसंग आला, आणि त्यानंतर आठच दिवसांनी कुटुंबासह शिर्डीस जाणे झाले. ही दोन स्थळे एकत्र आठवण्याचे कारण उघड आहे. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे रांग, आणि दोन्हीकडे लोकांची दृष्टी लागली होती ती माणसाच्या हाताने घडविलेल्या वस्तूकडे.

कलामेळ्याची चाल आपल्याकडची नव्हे. १९६७ साली जर्मनीतील कोलोन शहरी अठरा कलादालनांनी मिळून असा बाजार भरविला. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे दहा देशांतील नव्वद दालने एकत्र आली. दिल्लीस हा प्रकार २००८ साली आला, आणि मुंबईस महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर २०२३ साली. रचना सर्वत्र एकच. देशोदेशींची दालने चार दिवसांपुरती जागा भाड्याने घेतात, आपापली चित्रे मांडतात आणि विकतात. बाजार म्हणून याला नाके मुरडण्याचे मुळीच कारण नाही. चित्रकारालाही पोट आहे. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतूनही चित्रे विकली जातच होती; आणि राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो काही केवळ परमार्थासाठी नव्हे. शिवाय ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही, त्यांना परदेशची कला एका दुपारी पाहावयास मिळते, हा लाभ लहान नव्हे.

तक्रार आहे ती निराळीच. त्या मेळ्यात एक गृहस्थ सपत्नीक आले होते; बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. एका मोठ्या चित्रापुढे ती थबकली आणि म्हणाली, ‘‘बाबा, हा रंग ओला का दिसतो हो?’’ वडिलांनी चित्राकडे पाहिलेच नाही. ते खाली वाकले, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, ‘‘अगं, फार मोठ्या चित्रकाराचं आहे हे.’’ मुलगी गप्प झाली. तिचा प्रश्न त्या सबंध दालनातील सर्वांत शहाणा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर मिळाले ते एक नाव! सुशिक्षित माणसाने आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावून चिठ्ठीवर ठेवावा, ही या बाजाराची खरी किंमत होय; आणि ती विकत घेणाऱ्यापेक्षा न घेणाराच अधिक भरतो.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार वर्षाकाठी मोजकीच चित्रे काढी आणि लोकांपासून दूर राही. २००१ साली तो वारला; २०१३ साली मुंबईतील ख्रिस्तीजच्या लिलावात त्याच्या एका चित्रास तेवीस कोटींहून अधिक रुपये आले. तेव्हापासून त्याच्या चित्रापुढे उभे राहणाऱ्यास आधी तो आकडा आठवतो. वास्तविक ती चित्रे अशी आहेत, की त्यांपुढे निवांत बसल्यावाचून त्यांतील प्रकाश वर येत नाही. मेळ्याच्या कोलाहलात ते बसणे कसे साधावे?

आता शिर्डी. समाधिमंदिरातील साईबाबांची मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडविली आणि १९५४ साली तिची स्थापना झाली. दगड इटलीचा संगमरवर, शिल्पकार जे. जे. स्कूलमध्ये पाश्चात्त्य वास्तव शैलीत तयार झालेला. आणि विषय आपल्या मातीतील एक फकीर. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दास काही खोल अर्थ असेल, तर तो येथे आहे. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकून बसण्याची ती सहज ढब पाहावी. देवत्व दाखविण्यासाठी शिल्पकाराने बैठकीत काही जादा घातलेले नाही. थकून बसलेला एखादा वृद्ध असाच बसेल. आणि बाबांनी १९१८ साली देह ठेवला असताना, छत्तीस वर्षांनंतर बसविलेल्या या दगडाकडे पाहून लोक त्यांच्याशी बोलतात!

रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. तिला मूर्तीपुढे क्षणभरच मिळाला. परंतु त्या क्षणात तिने जे पाहिले ते पुरतेपणी पाहिले. मात्र बाहेर आल्यावर मी दहा जणांना विचारले, ‘‘मूर्ती कोणी घडविली?’’ एकालाही सांगता आले नाही. हेही काही भूषणास्पद नाही. भक्ताच्या दर्शनात शिल्पकार नाहीसा व्हावा हे समजण्यासारखे आहे. परंतु आम्हा समीक्षकांच्या लेखणीतूनही तो नाहीसा व्हावा, याला काय म्हणावे? मेळ्यातील चित्रांवर आपण रकानेच्या रकाने लिहितो, आणि ज्या शिल्पापुढे प्रतिदिनी हजारो लोक उभे राहतात त्याची गणना शिल्पांत करावयास विसरतो.

सारांश, एकीकडे नाव आहे, दर्शन नाही. दुसरीकडे दर्शन आहे, नाव नाही. दोहोंची भेट घडवून आणणे हेच रसिकाचे, आणि विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. मेळ्यास अवश्य जावे. परंतु शंभर चित्रे उरकण्याऐवजी पाचांपुढेच थांबावे, चिठ्ठी शेवटी वाचावी, आणि मुलाने रंग ओला का दिसतो असे विचारले, तर त्याच्यासह पुन्हा रंगाकडे पाहावे. आणि शिर्डीहून परतताना, प्रसाद हातावर ठेवता ठेवता, त्याच मुलाला तालिमांचे नाव सांगावे.