दुधाचे वेष्टन आणि अर्धी बातमी

खाद्यपदार्थांच्या प्लास्टिक वेष्टनाला पर्याय म्हणून दुधातील प्रथिनांच्या फिल्मचे नाव घेतले जाते. ऑगस्ट २०१६मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या फिलाडेल्फिया येथील अधिवेशनात अमेरिकी कृषी खात्याच्या पेगी टोमासुला व लेटिशिया बोनेली यांनी केसीनची अशी फिल्म मांडली. ती नेहमीच्या प्लास्टिकपेक्षा ऑक्सिजनला ५०० पटींपर्यंत अधिक अडविते, हा आकडा बातम्यांतून सर्वत्र पोहोचला. आकड्याविषयी आमचे भांडण नाही. त्याच्या शेजारी हवे असलेले दुसरे वाक्य बहुधा गळते: पाण्यापुढे ही फिल्म दुबळी आहे.

गंमत अशी की, दोन्ही गुणांचे मूळ एकच. प्रथिनांच्या साखळ्यांवर ध्रुवीय गट असतात. कोरड्या फिल्ममध्ये ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे ऑक्सिजनला वाट मिळत नाही. परंतु पाण्याचा रेणूही ध्रुवीयच. तो या गटांना चिकटतो, साखळ्या सैल होतात, फिल्म मऊ पडते आणि मग ऑक्सिजनलाही आत शिरणे सोपे जाते. पॉलिथीनचे उलटे: ते पाण्याला दूर ठेवते, ऑक्सिजनला मात्र बरीच वाट देते. वर्गात शिकविण्याजोगे आहे ते हेच, आणि बातमी नेमके हेच सांगत नाही.

संशोधकांनी काही लपविले नव्हते. दमट हवेत फिल्म टिकावी म्हणूनच त्यांनी तिच्यात पेक्टिन घातले. दुकानात ठेवताना बाहेरून पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे आवरण लागेल, हेही सांगितले. (आपल्याकडच्या पावसाळ्यात भाजलेल्या पापडाचे काय होते, ते आठवावे!)

शिवाय दूध हे आधी अन्न आहे. लिटरभर गाईच्या दुधात केसीन सुमारे २६ ग्रॅम. त्यातून ग्लिसरीन धरूनही ०.१ मिलिमीटर जाडीची फिल्म होईल ती पाव चौरस मीटरच्या आसपास. हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा.

शाळांतून गरम दुधात व्हिनेगर घालून ‘दुधाचे प्लास्टिक’ करतात. प्रयोग चांगला, नाव फसवे. हाती येतो तो साकळलेल्या केसीनचा गोळा. फिल्मसाठी केसीन विरघळवून, ग्लिसरीन मिसळून, पातळ थर वाळवावा लागतो. तरीही गोळा टाकू नये. आठवडाभर वाळवून तोलावा, रात्रभर पाण्यात ठेवावा, पुसून पुन्हा तोलावा. शेजारी पॉलिथीनच्या पिशवीचा तुकडाही तसाच भिजत घालावा.