ऋणमोचनच्या पायऱ्या

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. इथे स्नान केले की माणूस ऋणातून सुटतो, अशी श्रद्धा गावाच्या नावातच आहे. शास्त्रात ऋणाचे अर्थ अनेक असतील. वऱ्हाडातल्या कास्तकाराला मात्र तो शब्द ऐकला की सावकाराची वही आठवते. बुडी मारल्याने वहीतला आकडा कमी होत नाही, हे बुडी मारणाऱ्यालाही माहीत असते. तरी तो जातो.

१९०५ साली घर सोडलेल्या डेबूजीचे, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचे, पहिले मोठे काम याच गावी झाले. चिखलाच्या उतरणीवर यात्रेकरू घसरून पडत, म्हणून त्यांनी तिथे घाट बांधायला घेतला. गाडगेबाबांवर पुष्कळ लिहिले गेले, पण या घाटातला पेच फारसा कोणी उलगडलेला नाही. नवस, बळी आणि कर्ज काढून केलेले सण यांवर आयुष्यभर प्रहार करणाऱ्या माणसाने भाविकांसाठी पायऱ्या का बांधाव्यात?

याचे उत्तर त्यांच्या बालपणात शोधावे लागते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले. आई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, माहेरी आली. तिथे मामाची शेती सावकाराच्या कागदात गेली. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते आणि सावकार आपलाच माणूस आहे, हा विश्वास होता. सुखाच्या भ्रमाची किंमत या मुलाने एकरांत मोजलेली पाहिली. म्हणूनच त्यांच्या लेखी भ्रम हा तत्त्वज्ञानाचा विषय नव्हता, घरादाराचा होता.

त्यांच्या कीर्तनाची रीत पाहा. ते सत्य सांगत नसत, विचारत असत. देव नैवेद्य खातो का? त्याच्या पुढ्यातल्या ताटाला कुत्र्याने तोंड लावले, तर हाकलायला काठी कोण घेते? अशा धर्तीचे प्रश्न अस्सल वऱ्हाडीत येत आणि उत्तर समोरचा समुदाय एका आवाजात देई. यात गंमत होती, तशीच मोठी जाणही होती. दुसऱ्याने सांगितलेले सत्य परत करता येते. स्वतःच्या तोंडून, चारचौघांत निघालेले परत घेता येत नाही. नोव्हेंबर १९५६ मधले त्यांचे मुंबईतले अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐकताना लोकांचा होकार किती चटकन येतो, हे लक्षात राहते.

पण तो होकार घरापर्यंत टिकत होता का? इथे मला चरित्रकारांपेक्षा आपल्याबद्दल, वाचकांबद्दल बोलायचे आहे. आपण बाबांचा खराटा ठेवला आणि प्रश्न सोडून दिले. २०००-०१ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. तरी रस्ता झाडणारे बाबा सर्वांना सोयीचे असतात. लग्नासाठी कर्ज काढू नका, जेवायचे ताट मोडावे लागले तरी चालेल पण पोराला शिकवा, शिवाशिव पाळू नका, असे बजावणारे बाबा गैरसोयीचे. संतालाच भ्रम करून टाकण्याची ही आपली जुनी हातोटी आहे.

हे लिहिताना मी बाहेर उभा नाही. माझे वडील गेले तेव्हा बाबांच्या कीर्तनांवरची टिपणे माझ्या टेबलावर होती. तेरवीला गावजेवण घातले, तेही उसने पैसे घेऊन. कोणी जबरदस्ती केली नव्हती. फक्त आई एवढेच म्हणाली होती, ‘लोक काय म्हनतीन?’ त्या प्रश्नाला माझ्या टिपणांत उत्तर नव्हते. पैसे फेडायला दोन हंगाम लागले.

तेव्हापासून ऋणमोचनचा घाट मला वेगळा दिसतो. माणूस भ्रमाला धरून राहतो तो केवळ अज्ञानामुळे नाही. भ्रम सोडला तर पाय टेकायला जागा उरणार नाही, एकटे पडू, ही भीती त्यामागे असते. बाबांना ती ठाऊक असावी. म्हणून त्यांनी नुसते प्रश्न विचारले नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, आंधळ्या-पांगळ्यांना अन्न दिले. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना निवारा नव्हता, तर तिथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. आधार काढून घेताना दुसरा आधार हाताशी दिला.

आजचे आपले बुद्धिवादी लेखन, माझेही त्यात आले, इथे कमी पडते. ‘तेरवी करू नका’ असे आपण लिहितो आणि लेख छापून आला की घरी जातो. त्या तेराव्या दिवशी त्या घरी जाऊन बसणारी, आईशी बोलणारी, तिच्या प्रश्नाला तोंड देणारी चार माणसे आपण जमवत नाही. भ्रम की सत्य, ही निवड एकट्याने करायची असेल तर बहुतेक माणसे भ्रमच निवडतील. मीही निवडला होता.

२० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, प्रवासातच, बाबा गेले. ऋणमोचनला पौषात आजही गर्दी होते. वहीतला आकडा नदीने कमी होणार नाही, हे सांगायला तिथे जरूर जावे. मात्र कोणी घसरत असेल, तर आधी हात द्यावा.