मोबाईल अ‍ॅप आणि दिव्यांगांची सुगम्यता : एक चिकित्सा

विरारहून लोकलने रोज मुंबईस जाणाऱ्या दृष्टिहीन नोकरदारास नोट ओळखणे आणि मोबाईलवरून बँकेत खाते उघडणे, या दोन्ही गरजा असतात. पहिल्या गरजेसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' हे अ‍ॅप आणले. इंटरनेटविना चालणारे हे अ‍ॅप घडी घातलेल्या नोटेचेही मूल्य बोलून सांगते. ती खरी की खोटी, हे मात्र सांगत नाही.

दुसऱ्या गरजेची स्थिती वेगळी होती. डिजिटल केवायसीत ग्राहक प्रत्यक्ष हजर असल्याची खात्री डोळ्यांच्या उघडझापेवरून केली जाई. दृष्टिहीन व अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित तेथेच अडत. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये सुगम्यतेची तरतूद असूनही त्यांना न्यायालयात जावे लागले. ३० एप्रिल २०२५ रोजी 'प्रज्ञा प्रसून' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानून वीस निर्देश दिले.

यावरून असे दिसते की, दिव्यांगांसाठी स्वतंत्र अ‍ॅप काढल्याने सुगम्यतेचे दायित्व संपत नाही. सर्वांसाठीचे अ‍ॅप त्यांनाही वापरता येणे, हीच खरी कसोटी होय. महाविद्यालयांनी आपली प्रवेश व शिष्यवृत्तीविषयक अ‍ॅपेही याच कसोटीवर तपासणे अगत्याचे आहे.