उपयोजित कलेचा कार्यसंग्रह : समीक्षेच्या निकषांचा विचार

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याचा कार्यसंग्रह, ज्यास व्यवहारात पोर्टफोलिओ म्हणतात, हा समीक्षेचा विषय म्हणून क्वचितच विचारात घेतला जातो. त्याचे साधारणतः तीन विभाग असतात : प्रसंगचित्रण, संस्थेची वा मालाची ओळख घडविणारे ब्रँडिंग आणि एखादी सोय वापरणाऱ्याच्या हाती कशी बसते याची आखणी, म्हणजेच वापरानुभव. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील विद्यार्थी मुंबई, पुणे वा अहमदाबाद येथील कलासंस्थांच्या दारी जातो तेव्हा त्याच्या वतीने बोलणारी वस्तू बहुधा हीच असते. परीक्षकाजवळ थोडा वेळ असतो आणि त्या वेळात एका तरुणाच्या पुढील आयुष्याची दिशा ठरते. असे असूनही हा संग्रह कोणत्या निकषावर जोखावा, याची स्पष्ट मांडणी फारशी झालेली नाही.

प्रचलित निकष कोठून आला हे पाहणे उद्बोधक आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांचा या कलेशी पहिला परिचय एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांतून होतो. त्यांत संकल्पचित्र नावाचा विषय असतो. दिलेल्या आकारात नक्षी बसवावी, रंगांचा तोल साधावा, कडा स्वच्छ राखाव्यात, ही तेथील अपेक्षा शालेय वयास योग्यच आहे. अडचण अशी की तीच अपेक्षा पुढे पदवीच्या व पदव्युत्तर पातळीवरही कायम राहते. मग एखाद्या काल्पनिक कॉफीगृहाचे बोधचिन्ह गुळगुळीत पेल्यावर छापलेले दिसते, घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या ॲपचे पडदे मोबाइलच्या चकचकीत चौकटीत मांडलेले असतात, आणि कोणत्या कथेसाठी काढले हे न सांगणारी चित्रे पानोपानी पसरलेली असतात. काम नेटके असते, परंतु ते कोणासाठी, कोणत्या अडचणीतून आणि कोणत्या मर्यादेत झाले, याचा पत्ता लागत नाही.

या दृष्टीला मराठी सौंदर्यविचारातील एका प्रभावी मताचे पाठबळ मिळाल्यासारखे वाटते. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाचा विचार केला आणि सौंदर्य हे व्यावहारिक हेतूंपासून वेगळे काढून पाहिले. बोधचिन्हाची रेषा वा पानाची मांडणी तपासताना ही तत्त्वे आजही उपयोगी पडतात. मात्र उपयोजित कलेच्या नावातच प्रयोजन आहे. कांटने १७९० मध्ये मुक्त सौंदर्य आणि वस्तूच्या प्रयोजनाच्या कल्पनेवर अवलंबून असलेले परायत्त सौंदर्य असा भेद केला होता. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे कांटचा विचार मराठी अभ्यासकांना विस्ताराने उपलब्ध झाला. कार्यसंग्रहाचे मूल्यमापन या दुसऱ्या कोटीत मोडते. परायत्त म्हणजे हीन असा अर्थ करणे मात्र चुकीचे होईल. वस्तू कशासाठी आहे हे कळल्यावाचून तिच्या रूपाविषयी पुरता निर्णय देता येत नाही, एवढाच त्याचा आशय आहे.

प्रथम चित्रणाचा विभाग घ्यावा. मूळ गोव्याचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ पासून ‘दीपावली’ अंक काढला आणि असंख्य मराठी पुस्तकांना मुखपृष्ठे व आतील चित्रे दिली. त्या काळच्या छपाईत रेषाचित्रासाठी लाइन ब्लॉक व छायाभेदासाठी हाफटोन ब्लॉक करावा लागे, आणि खरखरीत स्वस्त कागदावर हाफटोन काळवंडून जाई. कथेच्या मजकुराशेजारी छापले जाणारे चित्र मोजक्या, ठाम रेषांत उभे करणे ही म्हणूनच मुद्रणाची गरज होती. चांगल्या चित्रकाराने त्या गरजेतूनच आपली शैली घडविली. रेषेचा डौल आणि ब्लॉकची मर्यादा यांची अशी फारकत करता येत नाही. आजच्या विद्यार्थ्यापुढे ब्लॉकची अडचण नाही, तथापि वाचकाच्या हातातील लहान पडदा, स्वस्त छपाईचा रंग आणि शेजारचा मजकूर या मर्यादा त्यालाही आहेत. मजकुरावाचून मांडलेले चित्र चित्रकाराचा हात दाखविते. त्याची समज दाखविण्यास ते अपुरे पडते.

ब्रँडिंगच्या विभागास एका विद्यार्थ्याच्याच कामाचे उदाहरण लागू पडते. भारतीय रुपयाच्या चिन्हासाठी केंद्र सरकारने २००९ मध्ये खुली स्पर्धा घेतली आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांच्या आकृतीस मान्यता दिली. ते त्या वेळी आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक संकल्पन केंद्रात तमिळ मुद्राक्षरांवर संशोधन करीत होते. देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा गाळलेले रोमन ‘आर’ यांचा मेळ घालून, शिरोरेषेसह दोन समांतर आडव्या रेषा त्यांनी योजिल्या. आकृतीची गुणवत्ता एवढ्याने लक्षात येते. परंतु चिन्हाचे खरे आयुष्य पुढे सुरू झाले. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या संकेतावलीत त्यास स्थान मिळाले, २०११ पासून ते नाण्यांवर आले, आणि संगणकाच्या कळफलकावर व मुद्राक्षरांत त्याची सोय करावी लागली. इतके होऊनही मराठी मजकुरात ‘रु.’ हे संक्षिप्त रूप टिकून आहे, कारण लिहिणाऱ्याच्या हाताला ते सरावाचे आहे. चिन्ह रूढ होण्यास आकृतीच्या गुणाखेरीज कळफलक, संकेत आणि सवय यांचीही साथ लागते. या गोष्टींची नोंद विद्यार्थ्याच्या संग्रहातही असावयास हवी.

अगदी घरचे उदाहरण याहून बोलके आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणलेल्या खादीपासून राष्ट्रध्वज तयार करण्याचे काम नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत होते. २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारलेल्या या ध्वजाची आकृती बदलण्याचा अधिकार विणकराला वा शिवणाऱ्याला नाही. लांबी व रुंदीचे प्रमाण ३ : २ ठरलेले, अधिकृत आकार नऊ, चक्राचे आरे चोवीस, आणि चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसले पाहिजे. भारतीय मानकात सूत, रंग व शिलाई यांचेही नियम आहेत. येथे कल्पकतेला वाव नाही असे वरवर वाटेल. वस्तुतः १५० मिलिमीटर लांबीचा मेजावरील ध्वज आणि ६३०० मिलिमीटर लांबीचा प्रचंड ध्वज यांत एकच रूप अखंड राखणे, हीच ब्रँडिंगच्या शास्त्रातील सर्वांत अवघड परीक्षा आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर बनविलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांसही परवानगी मिळाली. तेव्हापासून आकृती तीच असताना कापड बदलले तर चिन्हाचा अर्थ किती बदलतो, हाही प्रश्न अभ्यासास आला आहे. ज्या विद्यार्थ्याच्या जिल्ह्यात हे काम चालते, त्याच्या संग्रहात परक्या शहरातील कल्पित कॉफीगृहच असावे, ही निवडीची उणीव मानावी लागते.

तिसरा विभाग वापरानुभवाचा. हा शब्द नवा असला आणि तो मोबाइलच्या पडद्याशी जोडला जात असला, तरी त्यातील प्रश्न जुना आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे कोसळून लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची होती. बऱ्याच ठिकाणी रस्ते सरळ व रुंद, घरे सुटी आणि आखणी चौकटीची होती. भूकंपापासून संरक्षण हा हेतू योग्यच होता आणि त्या दृष्टीने ही रचना आवश्यक होती. तथापि ओसरी, अंगण, गोठा आणि आळीतील शेजार यांवर उभे असलेले नित्याचे जगणे त्या चौकटीत पुरेसे मावले नाही. रहिवाशांनी कालांतराने कुंपणभिंती घातल्या, छपऱ्या जोडल्या, गुरांना जागा केली. त्यांनी केलेले हे बदल म्हणजे वापरणाऱ्याने आराखड्यावर लिहिलेला अभिप्रायच होय. वापरानुभवाचा अभ्यास करणाऱ्याने हा अभिप्राय वाचावयास शिकले पाहिजे.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वापरावर इतका भर दिल्यास संग्रहाचा पाहणी-अहवाल होईल आणि रूपाचा विचार मागे पडेल. हा धोका खरा आहे. पण ध्वजाचे उदाहरण दाखविते की प्रयोजन जितके काटेकोर, तितकी रूपाची कसोटीही कठीण होते, आणि मर्ढेकरांचा समतोल तेथे अधिकच लागतो. दुसरा आक्षेप असा की, विद्यार्थ्याजवळ खरा ग्राहक नसतो, तेव्हा काल्पनिक विषय अटळ ठरतो. ग्राहक काल्पनिक असला, तरी मर्यादा खऱ्या असू शकतात. लातूरच्या बाजार समितीत शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशोबाची पट्टी, जिल्हा रुग्णालयातील केसपेपर, एस.टी. स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक यांची फेरआखणी कोणाच्या परवानगीवाचून अभ्यासासाठी करता येते. नांदेडात मराठी, उर्दू, पंजाबी व तेलुगू भाषकांचा वावर आहे. देवनागरी, नस्तालीक, गुरुमुखी, तेलुगू व रोमन अक्षरे एका फलकावर समान मानाने कशी बसवावीत, हा प्रश्न जगातील कोणत्याही संकल्पनसंस्थेत तोलामोलाचा ठरेल. शिरोरेषेवर लोंबणारे देवनागरी अक्षर आणि उजवीकडून डावीकडे तिरकस उतरणारे नस्तालीक यांना समान उंची दिली म्हणजे समान मान मिळतो, असे नाही. याचा उलगडा प्रत्यक्ष आखूनच करावा लागतो.

यावरून कलाविभागांच्या मूल्यमापनासाठी काही निश्चित सूचना निघतात. प्रत्येक कामासोबत त्याचे प्रयोजन, त्याच्या मर्यादा आणि किमान दोन त्याज्य आराखडे कारणांसह मागवावेत. चित्रासोबत मजकूर असावा. बोधचिन्ह सर्वांत लहान आकारात, एका रंगात आणि दोन लिपींत दाखविण्याचे बंधन असावे. वापराच्या आखणीसोबत ती प्रत्यक्ष वापरून पाहणाऱ्या व्यक्ती कोठे अडखळल्या, याची नोंद असावी. असे केल्यास महागडी साधने व चकचकीत सादरीकरण यांच्या बळावर पुढे जाणारा आणि साध्या कागदावर नेमका विचार करणारा, यांतील अंतर परीक्षकास दिसू लागेल. उदगीर वा देगलूरहून आलेल्या विद्यार्थ्याला या निकषात कोणतीही सवलत नाही. त्याच्या भोवतालचे ज्ञान गुणांकनात मोजले जाईल, इतकाच न्याय त्यात आहे.