कंट्रोल ग्रुपमध्ये कोण आहे, ते आधी बघा

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइडचा छोटासा आरएनए. त्यातला एमआयआर-२१ ग्लायोब्लास्टोमाच्या गाठीत खूप वाढलेला असतो, हे २००५ मध्येच दिसलं. असे आरएनए रक्तातही टिकतात. मग कवटी न उघडता, नुसत्या रक्तावरून निदान! पहिल्या वर्षी मीही यावर भाळलो होतो.

आता असा पेपर हातात आला की मी आधी कंट्रोल ग्रुप बघतो. बऱ्याचदा तिथे निरोगी माणसं असतात. पण न्यूरोसर्जनकडे निरोगी माणूस येतो का? त्याच्यासमोर असतो एमआरआयमध्ये गाठ दिसलेला पेशंट. ती ग्लायोमाची, लिम्फोमाची, की फुप्फुसातून पसरलेल्या कॅन्सरची, हे त्याला ठरवायचं असतं. आणि एमआयआर-२१ तर फुप्फुसाच्या, स्तनाच्या कॅन्सरमध्येही वाढतो! एयूसी ०.९ आला तरी त्याचा प्रश्न तसाच राहतो.

दुसरं म्हणजे नॉर्मलायझेशन. अनेक जण एमआयआर-१६ संदर्भ म्हणून घेतात. तो लाल रक्तपेशींत भरपूर असतो. नमुना घेताना पेशी फुटल्या की तो वाढतो, आणि त्याच्या तुलनेत एमआयआर-२१ उगाच कमी दिसतो.

म्हणजे विषय टाकाऊ आहे का? मुळीच नाही. रेडिएशननंतर एमआरआयवर गाठ मोठी दिसते, तेव्हा आजार परतलाय की हा उपचाराचाच परिणाम आहे, हे कळणं अवघड असतं. त्यावर पेशंटचं दुसरं ऑपरेशन अवलंबून असतं. तिथे मार्कर खरंच हवाय.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसलात की आधी एवढंच लिहा: माझ्या टेस्टमुळे कोणत्या पेशंटचा कोणता निर्णय बदलेल?