'समाजस्वास्थ्य' उधव्यात वाचताना

र. धों. कर्वे यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात त्यांचा छळ आणि त्यांचे धैर्य यांनाच बहुतेक जागा मिळते. धैर्य होतेच. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणे, १९२३ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिणे, त्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गमावणे आणि तरीही जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणे हे सोपे नव्हते. पण माणसाला एकदा वंदन केले की त्याचा विचार तपासायचा राहून जातो. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी तो तपासावा, असे आम्हाला वाटते. त्यासाठी मुंबईपेक्षा उधव्यासारखे गाव अधिक उपयोगी पडेल. उधवा तलासरी तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत आहे, परिसर वारल्यांचा.

कर्व्यांचे मोठे काम असे की त्यांनी गर्भधारणा ही नशिबाची गोष्ट न मानता शरीरात घडणारी, समजणारी आणि टाळता येणारी घटना म्हणून मांडली. अवयवांना त्यांच्या नावाने संबोधले. मूल हवे की नको हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, असे स्वच्छ सांगितले. वाचकांच्या प्रश्नांना ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच.

मात्र प्रश्न विचारणारे कोण होते? बहुतेक शिकलेले, मध्यमवर्गीय पुरुष. ज्या स्त्रीसाठी हा सारा खटाटोप, तिचे पत्र क्वचितच. आणि त्याच वर्षांत तलासरीच्या बाजूला काय चालले होते? लग्नासाठी कर्ज काढलेला वारली 'लग्नगडी' म्हणून बायकोसह सावकाराचा बांधील होई, आणि त्या बायकोवरही जमीनदार आपला हक्क समजे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे नोंदले आहे. २३ मे १९४५ रोजी याच भागातील झरी गावी किसान सभेच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ नाकारली. शरीरावरचा हक्क आधी तिथे मिळवावा लागला. रबरी साधनाची माहिती ही त्यानंतरची गोष्ट. कर्व्यांच्या विवेचनात ही पायरी नाही.

दुसरा दोष आम्हाला अधिक गंभीर वाटतो. कर्व्यांच्या लेखनात सुप्रजननाची, म्हणजे प्रजा 'चांगली' निपजावी या विचाराची भाषा येते. तेव्हा ती जगभर प्रतिष्ठित होती हे खरे. पण स्त्रीच्या निवडीचा विचार आणि प्रजेच्या दर्जाचा विचार एकत्र नांदू शकत नाहीत. दुसऱ्यात स्त्री हे केवळ साधन उरते.

पुढे सरकारी कार्यक्रमात नेमके तेच झाले. १९५२ मध्ये भारताने जगात प्रथम कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात हळूहळू 'टार्गेट' शिरले. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते लागू झाले नाही. पुरुष बिथरले, आणि सारा भार स्त्रियांवर सरकला. टार्गेट १९९६ मध्ये कागदोपत्री गेले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी ऑपरेशन करून घेतलेले होते. ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झाली होती अशा फक्त ०.३ टक्के. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागत नाही, तरी हे प्रमाण!

या कार्यक्रमाने स्त्रीचे गर्भाशय पाहिले, स्त्री पाहिली नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट'मध्ये १९८९ साली आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, अशी समजूत.

आता साधनांकडे या नजरेने पाहा. तांबी दहा वर्षांपर्यंत काम देते, पण सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. वरील पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तपांढरी आढळली आहे. अशा स्त्रीचे रक्त आधी तपासायला नको का? 'अंतरा' हे इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचे. त्याने पाळी अनियमित होते, कधी थांबते. हे आधी न सांगितल्यास ती घाबरून सोडून देते. 'छाया' या गोळीत संप्रेरके नसतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. रोजच्या गोळीतील इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो. पालघरच्या आदिवासींत सिकलसेल आढळतो, आणि त्या आजारात हा धोका मुळातच जास्त असतो. म्हणून तिथे गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि लैंगिक संसर्गापासून संरक्षण यांतले एकही साधन देत नाही, ते निरोधच देतो.

शाळेत मात्र आपण साधनांची यादी पाठ करून घेतो. कोणते साधन कोणत्या शरीराला, हा प्रश्न यादीत बसत नाही. कर्व्यांचे प्रश्नोत्तरांचे सदर इथे कामी येईल, फक्त विचारणारे बदलायला हवेत. नववी-दहावीच्या वर्गात निनावी चिठ्ठ्यांचा डबा ठेवून पाहा. वारली बोलीतल्या चिठ्ठ्याही चालतील असे सांगा. 'तांबी पोटात फिरते का?' असे कोणी विचारील. ती गर्भाशयातच राहते. कधी गळून पडते, अगदी विरळा गर्भाशयाच्या भिंतीत घुसते, म्हणून तिचा दोरा तपासायचा असतो. 'नसबंदीनंतर नांगर धरता येतो का?' असेही येईल. येतो. बंद होते ती शुक्रवाहिनी. पुरुषी संप्रेरक रक्तातून जाते, त्याची वाट मोकळीच राहते. मात्र आधीचे शुक्रजंतू उरलेले असल्यामुळे पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते.