'देउस', 'देव' आणि 'एकेश्वर'

लॅटिन 'देउस' आणि संस्कृत 'देव' हे शब्द एकाच कुळातले. प्रकाश व आकाश हा दोहोंचा मूळ अर्थसंदर्भ. ग्रीक 'थिऑस' उच्चाराने जवळचा भासला, तरी तो या कुळाबाहेरचा आहे. व्युत्पत्तीचे हे नाते अर्थनिर्णयास कितपत उपयोगी पडते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

१६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'च्या कर्त्याला, थॉमस स्टीफन्सला, हे नाते आयतेच लाभले होते. जपानमध्ये जेझुइटांना 'दाइनिची' हा बौद्ध शब्द टाकून 'देउस'च स्वीकारावा लागला. स्टीफन्सने मात्र 'देव', 'परमेश्वर', 'वैकुंठ' हे शब्द निःसंकोच वापरले. तथापि मराठीत 'देव' या शब्दाचे अनेकवचनही 'देव'च होते. त्यामुळे एकत्वाचा अर्थ शब्दातून नव्हे, तर पुराणाच्या संदर्भातून उभा करावा लागला. अर्थ हा व्यवस्थेतील भेदांतून सिद्ध होतो, या सोस्यूरच्या प्रतिपादनाचा प्रत्यय येथे येतो.

निफाड येथे १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानडे यांच्या लेखनात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उद्भवतो. इंग्रजीत त्यांनी 'थीइस्ट' ही संज्ञा पत्करली. 'देउस'पासून आलेला 'डीइझम' सृष्टी निर्मून अलिप्त राहणारा ईश्वर मानतो. 'थिऑस'पासून आलेला 'थीइझम' सृष्टीशी सतत संबंध राखणारा. म्हणजे 'देव' शब्दाचे सख्खे भावंड दूरस्थ ईश्वराच्या मताला नाव देते, आणि परका शब्द निकटच्या!

रानड्यांच्या निबंधाचे मराठीत रूढ झालेले नाव 'एकेश्वरनिष्ठांची कैफियत' असे आहे. येथे 'एक' हा संख्यावाचक शब्द जोडावा लागला, आणि 'वादा'ऐवजी 'निष्ठा' आली. निष्ठा म्हणजे निव्वळ मत नव्हे; तो संबंध आहे. 'कन्फेशन' या ख्रिस्ती संज्ञेची जागाही न्यायालयीन 'कैफियत' घेते: श्रद्धेच्या कबुलीचे रूपांतर युक्तिवादात होते.

समीक्षेत दोन्ही संज्ञांसाठी सरसकट 'ईश्वरवाद' हा एकच शब्द योजला, तर हा भेद पुसला जातो आणि १८६७ साली स्थापन झालेला प्रार्थना समाज पाश्चात्त्य बुद्धिवादाची नक्कल ठरतो. परंतु अलिप्त ईश्वराची प्रार्थना निरर्थक होय. मराठी संतांच्या कार्याला आपल्या इतिहासलेखनात मध्यवर्ती स्थान देणाऱ्या रानड्यांना ऐकणारा ईश्वरच अभिप्रेत होता. त्यांच्या संज्ञेचा अर्थ लॅटिन-ग्रीक धातूंत शोधण्यापेक्षा या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.